पितळी दिवा आणि हिरवी तार

दिवाळीपूर्वी घराला रंग द्यावा, जुने दिवे उतरवून नवे लावावेत, ही आपल्या व्यापारी कुटुंबांतील नित्याची रीत आहे. खाली पेढी आणि वर बिऱ्हाड अशा आपल्या जुन्या घरांतून तर ह्या निमित्ताने पितळी झुंबरे आणि धातूचे भिंतदिवे मोठ्या हौसेने लावले जातात. खरेदी करताना आपण दिव्याचा घाट पाहतो, झिलई पाहतो, भावही करतो. परंतु त्याच्या धातूच्या अंगाला जमिनीशी जोडणारी तार, म्हणजे ज्याला आपण अर्थिंग म्हणतो ते, आपल्या घरात त्या जागी आहे की नाही, हा प्रश्न फारच थोडे लोक विचारतात. माझ्या मते हा प्रश्न भावाच्याही आधी विचारला पाहिजे.

ह्यामागचे कारण सरळ आहे. जुन्या घरांतील दिव्यांना बहुधा दोनच तारा असतात, एक फेज व दुसरी न्यूट्रल. लाकडी गोलावर बॅकेलाइटचा होल्डर असे, आणि हाताला लागेल असा धातू तेथे नसल्यामुळे तिसऱ्या तारेवाचून निभावून जाई. त्याच दोन तारांवर आपण पितळी झुंबर टांगतो, तेव्हा पूर्वी नव्हता तो धोका घरात नव्याने आणतो. जुन्या तारेचे रबर कडक होऊन तडकते, बेळगावसारख्या पावसाळी गावी भिंतीत ओल उतरते, एखादी तार धातूच्या कडेवर घासली जाते, आणि एके दिवशी सगळ्या झुंबरात वीज येते. दिवा मात्र पूर्वीसारखाच प्रकाशत राहतो. शिडीवर चढून ओल्या फडक्याने तो पुसणाऱ्या गृहिणीला किंवा गड्याला त्याची वार्ता हाताच्या स्पर्शानेच कळते.

“फ्यूज आहे ना!” असे कोणी म्हणेल. परंतु फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. आपला पुरवठा २३० व्होल्टचा; साठ वॅटचा बल्ब सुमारे पाव अँपियर वीज घेतो. माणसाच्या देहातून त्याच्या नवव्या हिश्शाइतकी, म्हणजे सुमारे ३० मिलिअँपियर वीज काही क्षण वाहिली तरी जिवावर बेतू शकते. पाच अँपियरच्या फ्यूजला तिची गंधवार्ताही लागत नाही. “एल.ई.डी. दिवा वीज थोडी खातो, त्याला अर्थिंग कशाला?” हा युक्तिवादही तितकाच फसवा आहे. दिव्याचा खप कमी झाला म्हणून त्याच्या तारेतील व्होल्ट कमी होत नाहीत.

अर्थिंगची तार दोषाच्या विजेला जमिनीकडे मोकळी वाट देते. ह्या वाटेचा अडथळा दोन ओहम असला तर शंभराहून अधिक अँपियर वीज धावते व फ्यूज तत्काळ उडतो. परंतु अंगणातील खड्डा कोरडा पडून अडथळा पन्नास ओहमवर गेला, तर जेमतेम साडेचार अँपियर वाहते. फ्यूज तसाच राहतो आणि झुंबरही जिवंत राहते. म्हणून खड्ड्याची वेळोवेळी मोजणी करून घ्यावी, आणि जोडीला ३० मिलिअँपियरचा आर.सी.सी.बी. बसवावा. त्याचे काम आपल्या मुनिमांना चटकन समजेल: फेजने गेलेली वीज ही नावे, न्यूट्रलने परतलेली ती जमा, दोन्ही बाजूंचा मेळ बसला नाही की तो क्षणात व्यवहार बंद करतो. मात्र अर्थिंग नसेल तर हा फरक पडण्यासाठी कोणाचा तरी हातच लागावा लागतो. अर्थिंग असेल तर माणसाने हात लावण्यापूर्वीच दोष उघडकीस येतो.

ह्या बाबतीत काही पळवाटा रूढ झाल्या आहेत, त्यांचा निषेध केला पाहिजे. हिरवी तार कापून तिच्यावर पट्टी गुंडाळणे ही एक. ती न्यूट्रलला जोडणे ही दुसरी, आणि अधिक घातक. कारण वाटेत न्यूट्रल तुटला की सबंध झुंबरालाच वीज येते. नळाच्या पाइपाला जोडणे ही तिसरी. आज पाइप बहुधा प्लास्टिकचे असतात, आणि लोखंडी असले तरी शेजारच्या नळापर्यंत वीज नेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दिवा बदलताना केवळ भिंतीवरचे बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत ते बटण न्यूट्रलवरही असू शकते. मेन स्विच बंद करून, वीज नसल्याची खात्री करूनच हात घालावा. अर्थिंगची तार स्क्रूखाली घट्ट बसवावी, तेथील रंग खरवडावा, आणि झुंबराचा प्रत्येक धातूचा भाग तिच्याशी जोडला गेल्याचे मोजून पाहावे. १९५६ सालच्या भारतीय विद्युत नियमांनी व त्यानंतर २०१० च्या नियमांनीही दिवा जसाच्या तसा बदलण्याची मुभा दिली. परंतु मांडणीत फेरफार करावयाचा तर परवानाधारक कंत्राटदारच हवा असे सांगितले. नवी अर्थिंगची तार ओढणे हे त्याचेच काम. ते तूर्त शक्य नसेल, तर चौकोनात चौकोन अशी खूण असलेला दुहेरी आवरणाचा दिवा घ्यावा, अथवा धातूचा मोह सोडावा.

“इतकी वर्षे काही झाले नाही” हे उत्तर व्यापाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. गोदामाला आग लागली नाही म्हणून आपण विम्याचा हप्ता चुकवीत नाही. शिवाय आपल्यापैकी जे बंधू विजेच्या सामानाचा व्यापार करतात, त्यांच्यावर विशेष भार आहे. अर्थिंगचे टोक नसलेला आणि दुहेरी आवरणही नसलेला धातूचा दिवा त्यांनी दुकानात ठेवू नये, आणि दिवा बांधून देताना “घरी तिसरी तार आहे ना?” एवढे ग्राहकाला अवश्य विचारावे. ह्या प्रश्नाने एखादे गिऱ्हाईक परत जाईल. परंतु ज्या मालाच्या दोषाची किंमत दुसऱ्याने जिवाने मोजावी, त्या मालातील नफा कोणत्या खाती जमा करावयाचा, ह्याचा विचार प्रत्येकाने आपल्याशी करावा. आपल्या संघानेही सभासदांच्या पेढ्यांची व घरांची तपासणी एकाच परवानाधारकाकडून एकत्रितपणे करून घेतल्यास खर्च थोडा येईल आणि काम चोख होईल. येत्या दिवाळीपूर्वी एवढे झाले, तर आपल्या घरी लागणारे दिवे खऱ्या अर्थाने मंगल ठरतील.