हमी संपली, जबाबदारीही संपली?

वस्तूची हमी आणि वस्तूचे आयुष्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. हमीची मुदत उत्पादक ठरवितो; आयुष्य ठरते ते रचना, वापर आणि दुरुस्तीची सोय यांवर. लॅपटॉपच्या बाबतीत या दोहोंमधील अंतर किती महागात पडते, याचा अनुभव आज अनेक मध्यमवर्गीय घरे घेत आहेत. सर्वसाधारणतः हमी एका वर्षाची असते. हप्त्यांवर घेतलेले यंत्र पदवीची तीन वर्षे तरी पुरावे, ही पालकाची अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. परंतु पंधराव्या महिन्यात यंत्र बंद पडते, 'मदरबोर्ड गेला' असा निर्वाळा मिळतो आणि खर्चाचा अंदाज नव्या यंत्राच्या किमतीकडे झुकू लागतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाची तर महिन्याची मिळकतच त्यात खर्ची पडते.

'मदरबोर्ड गेला' या शब्दांचा अर्थ समजून घेतला पाहिजे. पुष्कळदा बिघडलेला असतो तो वीजपुरवठा नियंत्रित करणारा एखादा लहानसा घटक. अधिकृत केंद्रात मात्र तो शोधून बदलण्याऐवजी संपूर्ण बोर्डच बदलण्याची रीत आहे. अनेक नव्या यंत्रांत रॅम, आणि काहींत साठवणुकीची चिपही, बोर्डालाच डाख देऊन बसविलेली असते. अशा यंत्राचा बोर्ड बदलला की त्यातील टिपणे, प्रबंध, हिशेब सारेच जाते.

बाजारपेठ हा दोष आपोआप दूर करील, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खरेदीपूर्वी ग्राहकापुढे दहा पर्याय असतात. खरेदीनंतर सुट्या भागांसाठी एकच दार उरते. स्पर्धा विक्रीपाशी संपते आणि तेथून मक्तेदारी सुरू होते. शिवाय यंत्र किती टिकेल हे विक्रेत्याला जितके ठाऊक असते तितके ग्राहकाला नसते. माहितीच्या या विषमतेने बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या उदाहरणाने 1970 मध्येच दाखवून दिले होते.

दुरुस्तीचे कसब आपल्याकडे नाही, असेही नव्हे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सूक्ष्मदर्शकाखाली एकेक चिप बदलणारे कारागीर आहेत. त्यांना हवे असतात ते अस्सल सुटे भाग आणि बोर्डाचे आराखडे. नेमके तेच त्यांना सहजासहजी मिळत नाहीत. सुरक्षितता आणि व्यापारी गुपिते यांची सबब कंपन्या पुढे करतात. ती सर्वस्वी खोटी नाही. पण बॅटरी किंवा कळफलक विकल्याने कोणते गुपित फुटते?

हमी संपल्याने कायदा संपत नाही. दोष मुळातच होता असे दाखविता आले, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही नाही. मात्र दोष सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर पडतो आणि तो सामान्य ग्राहकाला पेलणारा नाही. म्हणून वैयक्तिक तक्रारींपेक्षा सार्वत्रिक नियमाची गरज अधिक आहे.

असे नियम अन्यत्र झाले आहेत. फ्रान्समध्ये जानेवारी 2021 पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापावे लागतात. कॅलिफोर्नियात जुलै 2024 पासून अमलात आलेल्या कायद्याने शंभर डॉलर वा त्याहून अधिक किमतीच्या उपकरणांचे भाग व माहिती उत्पादन थांबल्यानंतरही सात वर्षे पुरविणे बंधनकारक केले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, हे स्वागतार्ह आहे. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. सुटे भाग किमान पाच वर्षे जाहीर किमतीत मिळणे आणि दुरुस्तीसुलभतेचे गुण खोक्यावर छापणे, या दोन गोष्टी लॅपटॉपसाठी सक्तीच्या झाल्या पाहिजेत.

तोवर ग्राहकाने खरेदीपूर्वीच रॅम आणि साठवण बदलता येते काय, हे विचारावे. महत्त्वाच्या मजकुराची प्रत वेगळी ठेवावी. बिघाड झाल्यास खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि बोर्ड बदलण्यापूर्वी दुसऱ्या कारागिराचे मत घ्यावे. शहाणपणाचे हे उपाय खरेच. पण शहाण्या ग्राहकाच्या दक्षतेवर उत्पादकाची जबाबदारी सोपवून शासनाने स्वस्थ बसणे योग्य नव्हे.