सहाव्या वर्षाची तरतूद

वीजजोडणीचे कोटेशन भरून वर्षानुवर्षे ‘पेड पेंडिंग’च्या यादीत अडकलेल्या शेतकऱ्याच्या बांधावर आज सौर पंप उभा राहतो आहे. रात्रीच्या पाळीला साप-विंचवाच्या, जुन्नर-आंबेगावकडे तर बिबट्याच्या भीतीत ज्याला दारे धरावी लागत, तो आता उजेडी पाणी देतो. या कामाचे मोल कुणी कमी लेखू नये. प्रश्न आहे तो त्यामागे उभ्या केलेल्या पैशाचा, आणि तो पैसा किती वर्षे पुरणार याचा.

केंद्राने २०१९ मध्ये कुसुम योजना आणली, तेव्हा स्वतंत्र सौर पंपाच्या खर्चाची वाटणी साधारण अशी होती : तीस टक्के केंद्राचे, तीस टक्के राज्याचे आणि चाळीस टक्के शेतकऱ्याचे. शेतकऱ्याच्या वाट्यापैकी बराचसा भाग बँकेने कर्जाऊ द्यावा, अशी अपेक्षा होती. पण ज्याची पत पीककर्जाच्या थकबाकीने आधीच संपली आहे, त्याला बँक पंपासाठी उभी करील कशी? महाराष्ट्राने ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत हा अडसर काढला. सर्वसाधारण गटाने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींनी पाच टक्के भरायचे. बाकी भार केंद्र-राज्याचा. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात. निर्णय योग्यच होता.

मात्र या हिशेबात पंप बसवण्याचा दिवस आहे, पुढची वर्षे नाहीत. सौर पॅनेल पंचवीस वर्षे चालते. विमा आणि दुरुस्तीची हमी पाच वर्षांची. साधी मोटार जळाली तर तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगवाला सापडतो. दोन दिवसांत ती पुन्हा विहिरीत उतरते. सौर पंपाच्या कंट्रोलरचा बोर्ड गेला तर तो पुरवठादार कंपनीकडूनच यावा लागतो. हमीच्या काळातही तक्रार नोंदवून माणसाची वाट पाहत बसण्याचा अनुभव गावोगाव ऐकू येतो. मग हमी संपल्यावर, रब्बीचा गहू ओंबीवर असताना पंप थांबला, तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार? पुन्हा सावकार? ज्या कर्जापासून शेतकऱ्याला वाचवले, ते सहाव्या वर्षी दुसऱ्या दाराने घरात येईल.

उपाय अवघड नाही. पुरवठादाराचे देणे पंप उभारताच भागवून टाकू नये. त्यातला ठळक हिस्सा राखून ठेवावा आणि पंप खरोखर चालला तरच दरवर्षी थोडाथोडा सोडावा. पंप चालतो की बंद आहे हे दुरून कळवणारी यंत्रणा या पंपांना जोडलेली असते. तिची नोंद बिलाला जोडायची आहे, इतकेच. पाच वर्षांनंतरसाठी गावच्या विकास सोसायटीतून, पीककर्जाच्या दराने, दुरुस्तीचे छोटे कर्ज मिळाले पाहिजे.

दुसरी बाब कमाईची. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत ऊन सर्वांत कडक असते आणि विहिरीने तळ गाठलेला असतो. नेमके तेव्हाच पॅनेल रिकामे बसते. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावाने २०१६ मध्ये यावर उत्तर शोधले. सौर पंपधारक शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी काढली आणि उरलेली वीज युनिटला ४ रुपये ६३ पैसे दराने वितरण कंपनीला विकण्याचा पंचवीस वर्षांचा करार केला. बदल्यात तितका काळ ग्रीडच्या जोडणीवर पाणी सोडले. वीज विकून पैसा येतो म्हटल्यावर विनाकारण उपसा कशाला करायचा, असा विचार शेतकरी करू लागतो. आपल्याकडे खाली बहुतेक काळा कातळ. त्यात पाणी मुळातच बेताचे मुरते. चालवायला फुकट असलेला पंप अशा भूजलाला मोकळा सोडणे धोक्याचे आहे.

वीजवाहिनीजवळच्या पंपांना अशी विक्रीची सोय द्यायला हवी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे गावाजवळच सौर प्रकल्प उभे राहत असल्याने शेतीच्या वाहिनीवर सौरवीज आता नवलाईची राहिलेली नाही. जिथे तार पोचतच नाही, तिथे कडबाकुट्टी आणि पिठाची गिरणीही चालवू शकणारा कंट्रोलर पहिल्यापासूनच पंपासोबत द्यावा. त्यासाठी लागणारा जादा पैसा पंपाच्या किमतीपुढे फार नाही, आणि तो अनुदानातच धरला पाहिजे.

कुळाने किंवा वाट्याने कसणाऱ्याचे नाव बहुतेकदा सातबारावर नसते, म्हणून तो या योजनेबाहेरच राहतो. त्याचा निर्णय महसूल खात्याला घ्यावा लागेल. दुरुस्तीच्या पैशासाठी मात्र थांबण्याचे कारण नाही. यापुढच्या प्रत्येक निविदेत देयकाचा राखीव हिस्सा आणि पाच वर्षांनंतरच्या सेवेचा दर, ही दोन कलमे सरकारने आत्ताच घालावीत.