बेपत्ता सैनिकाच्या घरी उत्तर कोण देणार?



सैनिक युद्धात मरण पावला तर त्याच्या घरी शवपेटी येते, गाव गोळा होते, सलामी दिली जाते. जखमी झाला तर निदान इस्पितळाचा पत्ता कळतो. पण जो बेपत्ता होतो त्याच्या घरी काय येते? एक पत्र. तपास चालू आहे, काही कळल्यास कळवू, एवढाच त्याचा मजकूर. त्या पत्रानंतर वर्षानुवर्षे जे मौन सुरू होते ते प्रामुख्याने बायकांच्या वाट्याला येते. आपल्या चळवळीनेही या बायकांचा फारसा विचार केलेला नाही. म्हणून या वेळचे संपादकीय त्यांच्याविषयी, आणि त्यांना उत्तर देणे ज्याचे काम असायला हवे अशा एका पदाविषयी.

अमेरिकेच्या सैन्यात या कामाची स्वतंत्र व्यवस्था आहे. शत्रूच्या मुलखात अडकलेल्या, पकडल्या गेलेल्या माणसांना सोडवून आणायचे. ती हयात नसतील तर अवशेष शोधायचे, ओळख पटवायची आणि घरच्यांच्या स्वाधीन करायचे. मागच्या युद्धांतील बेपत्तांचा शोध घेणारी एक संस्था २०१५ साली जुन्या कचेऱ्या एकत्र करून उभी केली गेली. तिच्याकडे शोधपथके आहेत, उत्खननाचे जाणकार आहेत, हवाई बेटांवर हाडांची आणि दातांची तपासणी करणारी प्रयोगशाळा आहे. या सगळ्यात माझे लक्ष वेधले ते एका वेगळ्याच पदाने. सैन्य आणि सैनिकाचे घर यांच्या मधोमध बसणारा, गणवेश नसलेला पगारी संपर्क अधिकारी. पुष्कळदा ती बाई असते.

तिचे काम काय? घरच्यांशी फोनवर आणि पत्राने संपर्क ठेवायचा. शोधपथक कुठे गेले, काय सापडले, काय सापडले नाही, हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगायचे. नातेवाइकांकडून डीएनए तपासणीसाठी नमुने मिळवायचे. वर्षातून अनेकदा निरनिराळ्या शहरांत कुटुंबांच्या बैठका होतात, तिथे त्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायचे. ओळख पटली की अहवाल घेऊन घरी जायचे आणि पानापानाने समजावून सांगायचे. हे काम नागरी माणसाकडे असण्याचा एक साधा फायदा आहे. गणवेशातला अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलून जातो. नवा येतो, त्याला पहिल्यापासून सगळे सांगावे लागते. नागरी कर्मचारी त्याच खुर्चीवर दहा-वीस वर्षे राहू शकते. आवाज ऐकताच घरच्यांनी तिला ओळखावे, एवढी वर्षे.

हे वाचताना मला वाटले, हे तर आमचेच काम. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्ही गृहभेट, नोंद, पाठपुरावा हेच शिकलो. फरक एवढाच की तिथे शासनाने त्याला पद दिले आहे, पगार दिला आहे आणि फाइल दिली आहे.

पण हे पद सरकारच्या दयाबुद्धीतून आलेले नाही. १९६५ साली जेम्स स्टॉकडेल या नौदलाच्या वैमानिकाचे विमान उत्तर व्हिएतनाममध्ये पाडले गेले आणि तो कैदी झाला. त्याच्या बायकोला, सिबिल स्टॉकडेलला, सरकारचा सल्ला होता, गप्प राहा. बोललात तर कैद्यांचे हाल वाढतील. चार मुलांना सांभाळत ती काही काळ गप्प राहिली. मग तिने तशाच दुसऱ्या बायका शोधल्या, त्यांना घरी बोलावले, पत्रे लिहिली. १९६८ साली ती उघडपणे वर्तमानपत्रांशी बोलली. १९७० साली या कुटुंबांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९७३ साली ५९१ कैदी परत आले, त्यात तिचा नवराही होता. ज्यांचे नवरे आले नाहीत त्या बायकांनी मात्र संघटना मोडली नाही. पुढे १९९६ साली कायदा झाला. केवळ बरीच वर्षे लोटली म्हणून बेपत्ता सैनिकाला मृत ठरवू नये आणि चौकशीत कुटुंबाला वकील देता यावा, अशा तरतुदी त्यात आल्या. आज जी अधिकारी घरच्यांना फोन करते, तिच्या खुर्चीमागे या बायकांची अनेक वर्षांची बिनपगारी मेहनत आहे.

या बायकांच्या मनाचा अभ्यासही त्याच काळात झाला. पॉलिन बॉस या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात बेपत्ता वैमानिकांच्या कुटुंबांबरोबर काम केले. माणूस शरीराने नाही पण मनातून जात नाही, गेला म्हणावे तर पुरावा नाही, आहे म्हणावे तर दिसत नाही, या अवस्थेला तिने नाव दिले. मराठीत आपण त्याला अधांतरी वियोग म्हणू या. तिचे म्हणणे असे की इथे दोष बाईच्या मनाचा नसतो, परिस्थितीचा असतो. ‘आता तरी सावर’ असा उपदेश तिला निरुपयोगी आहे. तिला माहिती हवी असते, आणि जी माहिती नाही ती नाही असे स्पष्ट सांगणारे माणूस हवे असते.

कुटुंब सल्ला केंद्रात माझ्यासमोर अशा बायका बसतात. कुणाचा नवरा ट्रकवर गेला तो आलाच नाही, कुणाचा आखातात. हळदीकुंकवाला बोलवायचे की नाही, याची शेजारणींत कुजबुज. सासू म्हणते कुंकू लाव, जाऊ म्हणते लोक हसतात. रेशनकार्डावर नाव त्याचे, सातबाऱ्यावर नाव त्याचे, सही कुणाची चालेल ते कुणी सांगत नाही. एकीने मला विचारले, “ताई, मी कोण म्हणून अर्ज करू?” या प्रश्नाचे उत्तर कुठल्याच छापील फॉर्ममध्ये नाही.

कायदा काय म्हणतो? १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम होते आणि त्याच्या जागी जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. सात वर्षे माणसाची काही खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर. म्हणजे आशा धरणाऱ्या बाईनेच पुरावा द्यायचा. बेपत्ता सरकारी नोकराच्या कुटुंबाला निवृत्तिवेतन हवे असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवावी लागते आणि हमीपत्र लिहून द्यावे लागते. तो परतला तर दिलेल्या रकमेचा हिशेब होईल, हे तिने मान्य करायचे. आणि तिने पुन्हा लग्न केले तर? शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता विधवेला पुढे चालू राहण्यासाठी तिने दिराशीच लग्न केले पाहिजे, अशी अट आपल्याकडे होती. ती २०१७ साली काढली गेली. इतकी वर्षे बाईला सासरच्या मालमत्तेत धरले जात होते, हे त्यातून कळते.

अमेरिकेतील व्यवस्थाही या बाबतीत निर्दोष नाही. तिथेही पहिली वारस पत्नीच, पण पुन्हा लग्न न केलेली. लग्न केले की निर्णयाचा हक्क मुलांकडे, आईवडिलांकडे जातो. गंमत अशी की जुन्या हाडांची ओळख पटवायला जो डीएनए बहुधा उपयोगी पडतो तो आईकडूनच मुलांत येतो. म्हणून नमुना हवा असतो बहिणीचा, मावशीचा, बहिणीच्या मुलांचा. वंश पुरुषाच्या नावाने मोजणाऱ्या जगाला शेवटी लग्न होऊन आडनाव बदललेल्या बहिणीचे दार ठोठवावे लागते.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. अमेरिका आपल्या बेपत्तांची मोजदाद ठेवते. व्हिएतनाम युद्धातील तिचे दीड हजारांहून अधिक सैनिक आजही सापडलेले नाहीत. पण व्हिएतनामचे स्वतःचे बेपत्ता सैनिक तीन लाखांच्या आसपास सांगितले जातात. त्यांच्या आयांच्या वाट्याला अशी प्रयोगशाळा आली नाही. बलाढ्य देशाच्या पत्नीचे अश्रू जगाला दिसतात, गरीब देशाच्या आईचे दिसत नाहीत. या व्यवस्थेकडून शिकताना तिची ही बाजूही लक्षात ठेवायला हवी.

आता आपल्याकडे पाहू. अरुणाचल प्रदेशच्या डोंगरांत दुसऱ्या महायुद्धात कोसळलेल्या अमेरिकी विमानांतील माणसांचे अवशेष २०१६ साली दिल्लीहून त्यांच्या देशात पाठवले गेले. सत्तर वर्षांनंतरही शोध घेणारे लोक आपल्याच भूमीवर येतात. आणि आपले? १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेल्या ५४ जणांची यादी आजही तशीच आहे. त्यांतले काही पाकिस्तानच्या तुरुंगात होते असे कुटुंबांचे म्हणणे. पाकिस्तानने ते नाकारले. युद्धकैद्यांची माहिती घरी कळवण्याचे बंधन १९४९ च्या जिनिव्हा कराराने दोन्ही देशांवर आहे.

त्या यादीत फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे आहेत. ५ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे विमान पाडले गेले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. वर्तमानपत्रांची कात्रणे जमवणे, मंत्र्यांना भेटणे, दुसऱ्या कुटुंबांना धरून ठेवणे, हे त्यांनी आयुष्यभर केले. २००७ साली १४ नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले, त्यांत त्याही होत्या. हाती काही लागले नाही. त्यांच्या चिकाटीचे कौतुक आपण जरूर करावे. पण हे काम त्यांनी का करावे, हा प्रश्नही विचारावा. त्या शिकलेल्या होत्या, नोकरी होती, दिल्लीत होत्या. सातारा-कोल्हापूरच्या खेड्यातील जवानाची बायको कुणाच्या दारात जाणार?

बेपत्ताच्या पत्नीला ‘वीरनारी’ म्हणून व्यासपीठावर शाल देणे सोपे आहे. आमची मागणी त्याहून साधी आहे. प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात प्रशिक्षित, पूर्णवेळ, नागरी सामाजिक कार्यकर्ती असावी आणि तिची वारंवार बदली होऊ नये. बेपत्ताच्या घरी ठरावीक मुदतीने लेखी उत्तर जावे, सांगण्यासारखे काही नसले तरी ‘काही नाही’ असे जावे. फाइल पाहण्याचा हक्क पत्नीला आणि आईला स्वतंत्रपणे असावा, सासऱ्या-दिराच्या मार्फत नव्हे. पुनर्विवाह केला म्हणून तिचा माहितीचा हक्क जाऊ नये. तिला वाट पाहायची असेल तर तिने पाहावी, मोकळे व्हायचे असेल तर व्हावे. सात वर्षे खबर नसेल तर घटस्फोट मागण्याची सोय हिंदू विवाह कायद्यात १९५५ पासून आहे, हे तरी तिला कुणी सांगावे. निर्णय तिचा असावा, पंचांचा नव्हे.

युद्धे होऊच नयेत ही आपली भूमिका आहेच. पण युद्ध पुकारणाऱ्यांनी त्यानंतरची उस्तवार बायकांच्या पदरात टाकून निघून जायचे, हे आपण किती काळ चालू देणार? तुमच्या गावात, वस्तीत अशी कुणी बाई असेल तर तिला भेटा. तिच्याकडची कागदपत्रे नीट लावायला मदत करा. तिचा अनुभव, तिची इच्छा असेल तर, आम्हांला लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.