गराजमधून : जुन्या बॅटरीची नाडीपरीक्षा

मंडळी, उन्हाळा आला की आपल्याकडे दोन गोष्टींना ऊत येतो, पिकनिक आणि गराज सेल. पिकनिकचं मंडळाची कमिटी बघून घेईल, गराज सेलचं खातं आमच्याकडे! गेल्या मे महिन्यात एका शनिवारी सकाळी आम्ही चाळीस डॉलरला कॉर्डलेस ड्रिलच्या दोन बॅटऱ्या घेतल्या. १८ व्होल्टच्या, ४ अँपिअर-अवरच्या, आमच्याच ड्रिलला बसणाऱ्या. नवी घ्यायला गेलं तर एकच शंभराच्या घरात जाते, तेव्हा स्वारी खूश. वर विकणाऱ्या आजोबांनी तिसरी फुकट दिली. "चार्ज होत नाही, पण बघा तुम्हांला जमलं तर." हे फुकटचं रत्नच आम्हांला नडलं, पण ते पुढे.

या बॅटरीच्या पोटात असतं काय? बोटाएवढे लिथियम-आयन सेल, पाच पाच एकामागे एक जोडलेले. एक सेल सरासरी ३.६ व्होल्टचा, म्हणून पाचांचे १८. पूर्ण भरला की तो ४.२ पर्यंत जातो, म्हणजे सगळे मिळून २१. दुकानात एकीवर १८ आणि दुसरीवर २० लिहिलेलं दिसतं, त्याला भुलू नका. सेल दोन्हींत पाचच. एक कंपनी सरासरी सांगते, दुसरी भरल्या पोटी मोजते. आमच्यासारख्या ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीत सहसा अशा पाचांच्या दोन रांगा, म्हणजे दहा सेल असतात. एकाचं वजन साधारण ४५ ग्रॅम. तेव्हा दहा सेलची म्हणून कोणी बॅटरी दिली आणि ती अर्ध्या किलोपेक्षा हलकी भरली, तर खुशाल परत करा. आमचा स्वैपाकघरातला वजनकाटा या कामासाठी गराजमध्ये जातो, यावर घरात मतभेद आहेत.

बॅटरीवरचे तीन-चार हिरवे दिवे बघून बहुतेक लोक पैसे देतात. आम्हीही दिले! पण ते दिवे पोट किती भरलंय एवढंच सांगतात, पचनशक्ती सांगत नाहीत. मल्टिमीटरचंही तेच. रात्रभर चार्ज करून आमच्या दोन्ही बॅटऱ्यांनी सकाळी २०.४ व्होल्ट दाखवले. जुळ्या बहिणीच जणू. खरी परीक्षा वजन उचलायला लावल्यावर.

त्यासाठी आम्ही गाडीच्या ब्रेकलाइटचे १२ व्होल्टचे दोन जुने बल्ब एकापुढे एक जोडले. (एकच लावलात तर उडेल.) ही जोडी साधारण पावणेदोन अँपिअर करंट ओढते. मीटर लावून पहिली बॅटरी जोडली, २०.४ चे २०.२ झाले. ठीक. दुसरी जोडली, १९.६! पावणेदोन अँपिअरला आठ दशांश व्होल्ट खाल्ले, म्हणजे तिचा अंतर्गत रोध अर्ध्या ओहमच्या जवळ. ऐकायला किरकोळ वाटतं. पण लाकूड कापताना सर्क्युलर सॉ वीस अँपिअर सहज मागतो. तेव्हा हीच बॅटरी नऊ व्होल्ट स्वतःच गिळणार, करवतीला अकरा मिळणार आणि ती फळीत अडकून बसणार.

मग पहिलीची पुरती कसोटी घेतली. बल्ब लावले, घड्याळ लावलं आणि व्होल्टेज १५ वर येईपर्यंत बसून राहिलो. १५ म्हणजे सेलमागे ३, त्याखाली जाऊ द्यायचं नाही. बऱ्याच बॅटऱ्यांत वेळेवर थांबवण्याचं काम ड्रिलच करतं, नुसत्या बल्बला ती अक्कल नसते. तेव्हा मध्येच चहाला उठू नका. बल्ब पेटले एक तास पन्नास मिनिटं. पावणेदोनने गुणलं की ३.२ अँपिअर-अवर. म्हणजे चारातले ३.२ शिल्लक, ऐंशी टक्के. जुन्या मालाला आमच्या मते उत्तम!

हे सगळं दुसऱ्याच्या ड्राइव्हवेत उभं राहून करता येत नाही, कबूल. तिथे एवढंच करा : आपलं ड्रिल बरोबर न्या, बॅटरी लावा, जाड लाकडात मोठं बिट घाला आणि जोर द्या. जोर देताच चार दिव्यांचा एक झाला आणि सोडल्यावर पुन्हा चार झाले, तर नमस्कार करून निघा.

आता ती तिसरी. मीटरवर ७.५ व्होल्ट, म्हणजे सेलमागे दीड. चार्जरने लाल दिवा दाखवून तोंड फिरवलं. यावर एक लोकप्रिय युक्ती आहे : चांगल्या बॅटरीपासून दोन वायरी लावून मेलेलीला मिनिटभर धक्का द्यायचा, म्हणजे चार्जर फसतो. आम्ही ती केली. चार्जर फसला, आम्ही विजयी मुद्रेने जेवायला गेलो. वीस मिनिटांनी आलो तर डबा हात ठेववेना इतका तापलेला. चार्जरची वायर उपटली, ओव्हन मिट घालून डबा ड्राइव्हवेच्या काँक्रीटवर नेऊन ठेवला आणि अर्धी रात्र खिडकीत बसलो. कारण गराजच्या बरोबर वर मुलीची खोली आहे. सौ. एवढंच म्हणाल्या, "अहो, फुकटच्या बॅटरीपायी घर जाळणार होतात का?" त्याला उत्तर नव्हतं. आजही नाही.

पेटली नाही. पण झोपताना मीटरने १६ दाखवले होते, सकाळी हात न लावता ११ झाले. सेल असा रिकामा पडून राहिला की आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबं भलत्याच जागी बसून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. चार्जर नाही म्हणतो तो उगाच नाही. फुगलेली, चेपलेली किंवा गोडसर वास येणारी बॅटरीसुद्धा याच जातीची. तिसरीची रवानगी आम्ही काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात केली, टोकांना चिकटपट्टी लावून. दुसरी, नुसती म्हातारी, होम डेपोच्या रीसायकलिंगच्या पेटीत गेली. कचऱ्याच्या डब्यात कुठलीच टाकू नका.

जाता जाता. पहिली बॅटरी ड्रिलसकट पुण्याला भाच्याकडे न्यायची आहे. १८ गुणिले ४ म्हणजे ७२ वॉट-अवर. विमानात शंभरापर्यंत चालतं, पण सुटी बॅटरी केबिनच्या बॅगेतच हवी आणि ड्रिल चेक-इनमध्ये. बॅगा भरून झाल्यावर आम्ही चार्जर उलटा करून पाहिला. त्यावर फक्त १२० व्होल्ट लिहिलंय. आता पुण्यात २३० चा चार्जर शोधायचं काम भाच्याकडे.