मनोरोग आणि मारझोड

कोणा घरी मारझोड झाली की "त्याचे डोके फिरले" असे म्हणून आपण गप्प बसतो. हे योग्य नाही. बहुतेक मनोरुग्ण कोणावर हात उगारत नाहीत. उलट पुष्कळदा तेच मार खातात. घरातील हिंसेमागे दारू, संशय आणि हुकमत गाजविण्याची सवय अधिक असते.

मॉरिशसमध्ये यासाठी दोन निराळे कायदे झाले. १९९७ च्या कायद्याने घरात मार खाणाऱ्यांना न्यायालयाकडे संरक्षण मागण्याची वाट खुली केली. १९९८ चा कायदा मनोरुग्णांच्या उपचारासाठी झाला. आजाऱ्यास डॉक्टरकडे न्यावे, मारणाऱ्यास न्यायालयापुढे. शेजारी आरडाओरड ऐकू आली तर दार लावून न घेता पोलिसांना कळवावे, अशी वाचक बंधुभगिनींना आमची विनंती आहे.