कात्री, गोंद आणि इमान : हार्टफिल्ड, केकी मूस आणि आपले ‘दुर्मीळ’ फोटो

१/ ‘फोटो बनावट असला म्हणून काय बिघडले? भावना तर खरी आहे ना!’ इतिहासप्रेमींच्या तोंडी हे वाक्य आता सर्रास ऐकू येते. आजचा धागा या वाक्याच्या विरोधात आहे. निमित्त एका जर्मन चित्रपटाचे. मुक्काम मात्र आपल्या चाळीसगाव-धुळ्याचा.

२/ प्रथम माझा स्वतःचा गुन्हा. फैजपूर काँग्रेसवर (डिसेंबर १९३६) लिहिताना मी एक रंगीत ‘दुर्मीळ’ छायाचित्र जोडले होते. खेड्यात भरलेले काँग्रेसचे ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची. एका वाचकाने विचारले, ‘मूळ प्रत कोठे आहे?’ शोधले. मूळ नव्हतेच. ते संगणकाने रचलेले चित्र होते.

३/ मी ते काढून टाकले. तोवर ते फिरत फिरत आमच्या घरच्या ग्रुपवर येऊन पोहोचले होते. आजोबांनीच पाठवले होते, अभिमानाने. त्यांना खरे सांगताना जी लाज वाटली, तीच या धाग्याची प्रेरणा.

४/ त्या वेळी एका मित्राने माझी बाजू घेतली : ‘जॉन हार्टफिल्डही फोटो कापून चिकटवतच होता की!’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात तो पूर्णपणे उलटा आहे.

५/ हार्टफिल्डचा जन्म १८९१ चा, बर्लिनचा. मूळ नाव हेल्मुट हेर्त्सफेल्ड. पहिल्या महायुद्धात जर्मनीत इंग्लंडद्वेषाचा ज्वर चढला असताना त्याने निषेध म्हणून इंग्रजी नाव धारण केले. १९३० पासून ‘एआयझेड’ या कामगारांच्या सचित्र साप्ताहिकात त्याचे फोटोमोंटाज, म्हणजे निरनिराळी छायाचित्रे कापून जुळवलेली चित्रे, झळकू लागले.

६/ ऑक्टोबर १९३२ चे त्याचे मुखपृष्ठ पाहा. सलामीसाठी मागे वळवलेला हिटलरचा तळवा. त्याच्या पाठीशी एक अवाढव्य, चेहरा न दिसणारा धनिक. आणि तो त्या तळव्यावर नोटा ठेवतो आहे. लाखो लोक आपल्या पाठीशी आहेत, ही हिटलरची प्रौढी. हार्टफिल्डने विचारले : लाखो माणसे, की लाखो मार्क?

७/ आता सांगा, हे चित्र पाहून कोणा वाचकाला असा राक्षसी धनिक खरोखरच हिटलरमागे उभा होता असे वाटले असेल काय? शक्यच नाही. आकारातील विसंगतीच जोडकाम उघड करते. येथे चित्र पुरावा म्हणून येत नाही. ते युक्तिवाद म्हणून येते. या युक्तिवादाची किंमतही त्याने मोजली. एप्रिल १९३३ मध्ये एसएसचे लोक घरात शिरले, तेव्हा बाल्कनीतून उडी टाकून तो निसटला आणि प्रागला गेला.

८/ कात्री दुसऱ्यांच्याही हाती होती. मॉस्को-व्होल्गा कालव्यावर स्टालिनशेजारी उभा असलेला येझोव्ह मर्जीतून उतरला, १९४० मध्ये त्याला गोळी घालण्यात आली आणि त्या छायाचित्रातूनही तो नाहीसा झाला. तेथे जोड दिसू न देणे हेच कौशल्य होते. हार्टफिल्ड जोड दाखवतो, दरबारी कारागीर ती लपवतो. आपले ‘दुर्मीळ’ फोटो कोणत्या रांगेत बसतात, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

९/ हार्टफिल्ड निःपक्षपाती नव्हता, हेही लपवू नये. तो कम्युनिस्ट होता. हिटलरवर चाललेली त्याची कात्री स्टालिनवर तशी कधी चालली नाही. तथापि त्याचा पक्ष त्याच्या चित्रावरच दिसतो, म्हणून त्याच्याशी वाद घालता येतो. बनावट पुराव्याशी वाद घालता येत नाही. तो वाचकाची फक्त फसवणूक करतो.

१०/ कात्रिन रोथे यांचा ‘जॉनी अँड मी’ (२०२३) हा याच हार्टफिल्डवरील अ‍ॅनिमेटेड माहितीपट. त्यात कागदाचा कापलेला हार्टफिल्ड जिवंत होऊन एका ग्राफिक डिझायनर स्त्रीशी बोलू लागतो. ‘कार्टूनमध्ये कसला आला इतिहास?’ असे नाक मुरडणाऱ्यांना माझे उत्तर : हा कागद स्वतःला कागदच म्हणवतो. जुन्या चित्रफितीचे सोंग आणणाऱ्या ‘अस्सल’ दृश्यांपेक्षा तो अधिक प्रामाणिक आहे.

११/ हे इमान शिकायला बर्लिनला जाण्याची गरज नाही. चाळीसगावात रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या घरात केकी मूस (निधन १९८९) दशकानुदशके जवळजवळ एकांतवासात राहिले. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून, प्रकाश साधून ते निसर्गदृश्ये उभी करीत. राजकारणाशी त्यांच्या या कलेचा संबंध नव्हता. परंतु त्या प्रकाराचे नाव काय? ‘टेबलटॉप फोटोग्राफी’. नावातच कबुली आहे.

१२/ त्याच चाळीसगावहून शाखा रेल्वेमार्ग धुळ्याला जातो. तेथे १९२६ मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे आजही आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड या माणसाने उभे केले ते गावोगावची दप्तरे धुंडाळून. अस्सल कागदासाठी आयुष्य झिजवणाऱ्याच्या प्रदेशात आपण मूळ प्रत न विचारता फोटो पुढे ढकलतो, याला काय म्हणावे?

१३/ म्हणून यापुढे या मालिकेचा नियम : प्रत्येक चित्राखाली ते कोणी, केव्हा टिपले आणि मूळ कोठे आहे, हे लिहिले जाईल. ते ठाऊक नसेल तर चित्र नाही. रचलेले असेल तर ‘रचलेले’ असा शब्द चित्रावरच, ठळक अक्षरांत.

१४/ आणि भावनेबद्दल. आजोबांची भावना खरीच होती. म्हणूनच तिला खोटे चित्र पुरवण्याचा अधिकार मला नव्हता. (समाप्त)