पसंतीक्रम : आवडीचा की अंदाजाचा?

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील लाखो घरांत एक यादी तयार होऊ लागते. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशपद्धती मुंबई महानगर क्षेत्रात २००९ साली सुरू झाली. पुढे पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती असा प्रवास करीत २०२५-२६ या वर्षी ती राज्यभर लागू झाली. त्या वर्षीच्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्याने किमान १ व कमाल १० महाविद्यालये आपल्या पसंतीच्या क्रमाने लिहावयाची होती. काम वरकरणी सोपे. परंतु पसंती लिहिण्याच्या जागी बहुतेक घरांतून अंदाज लिहिला जातो, आणि त्याचे परिणाम मुलांना दोन वर्षे भोगावे लागतात.

या गोंधळाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. ‘मोठे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर मागितले तर ते मिळणार नाहीच, शिवाय खालचे हातचेही जाईल,’ असे पुष्कळ पालकांना वाटते. मग मनातले महाविद्यालय खाली ढकलून ‘हमखास मिळणारे’ वर आणले जाते. वस्तुतः जागांचे वाटप गुणवत्ता आणि आरक्षण यांनुसार होते. पसंतीचा क्रमांक ही गुणवत्ता नव्हे. ८५ टक्के गुणांच्या विद्यार्थ्याने एखादे महाविद्यालय पाचव्या क्रमांकावर लिहिले, आणि त्याच प्रवर्गातील ८४ टक्क्यांच्या विद्यार्थ्याने तेच पहिल्या क्रमांकावर लिहिले, तरी पहिल्याला वरची चार न मिळाल्यास पाचव्या ठिकाणची जागा आधी त्याचीच. वर मागितल्याने खालचा हक्क बुडत नाही. उलट, हमखास मिळणारे वर लिहिले की त्याहून आवडते महाविद्यालय मिळण्याजोगे असूनही हातचे जाते.

ही भीती सर्वत्रच निराधार असते असे मात्र नाही. अमेरिकेतील बोस्टन शहरात शाळाप्रवेशाची जी जुनी पद्धत होती, तीत प्रत्येक शाळा प्रथम पसंती देणाऱ्यांना आधी सामावून घेई. पहिली पसंती हुकली की दुसऱ्या शाळेतील जागाही भरून गेलेल्या असत. तेथे अंदाज बांधणे भागच होते. जाणकार पालक डाव साधीत आणि साधेभोळे पालक फसत. हा अन्याय ध्यानात आल्यावर बोस्टनने २००५ साली ती पद्धत टाकून दिली. तिच्या जागी आलेल्या पद्धतीचा पाया डेव्हिड गेल आणि लॉईड शॅप्ली या दोघांनी १९६२ च्या एका छोट्या निबंधात घातला होता. या विचारधारेचा गौरव म्हणून शॅप्ली आणि अॅल्विन रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिचे सार व्यवहारात एवढेच : ज्याने आपली आवड खरी सांगितली त्याचे नुकसान होऊ नये. पद्धतीने दिलेली ही मुभा आपल्याकडील पालक स्वतःहून सोडून देतात, हे दुर्दैव होय.

दुसरा गैरसमज ‘कट-ऑफ’विषयी आहे. गतवर्षी शेवटच्या विद्यार्थ्याला किती गुणांवर प्रवेश मिळाला, एवढेच हा आकडा सांगतो. तो मागणीचा निदर्शक आहे, अध्यापनाचा नव्हे. बाजारात एखाद्या वस्तूची किंमत चढते ती पुष्कळदा इतरांनी ती मागितली म्हणूनच. येथेही तेच घडते. गुण जास्त म्हणून महाविद्यालय चांगले, आणि चांगले म्हटले जाते म्हणून गुण जास्त, असे हे चक्र चालू राहते. वास्तविक २०२५ साली राज्यात दहावी उत्तीर्ण झालेले नियमित विद्यार्थी सुमारे साडेचौदा लाख होते आणि अकरावीच्या जागा एकवीस लाखांहून अधिक होत्या. टंचाई जागांची नाही, मोजक्या नावांची आहे.

तेव्हा यादीचा आरंभ आकड्यापासून न होता विद्यार्थ्यापासून व्हावा. त्याला हवा असलेला विषय तेथे शिकवला जातो काय? माध्यम कोणते? तुकडी अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित? कारण एकाच इमारतीतील दोन तुकड्यांच्या शुल्कात मोठी तफावत असू शकते. प्रयोगशाळा चालते काय, वर्ग भरतात काय? खासगी शिकवणीवर्गांशी संधान बांधून केवळ कागदावर हजेरी ठेवणारी महाविद्यालयेही आज आहेत. अंतराचा हिशेब तर बहुधा कोणी मांडतच नाही. बदलापूरहून दादरला जाणाऱ्या मुलाचे रोजचे अडीच तास प्रवासात गेले, तर दोनशे दिवसांत पाचशे तास होतात. अर्थशास्त्रात ज्याला पर्यायी खर्च म्हणतात, तो हाच. ग्रामीण भागात शेवटची एस.टी. किती वाजता सुटते, यावर मुलीचे शिक्षण पुढे चालणार की थांबणार हे ठरते. या प्रश्नांची उत्तरे घराघराला वेगळी येतील. म्हणूनच शेजाऱ्याची यादी उतरवून घेण्यात अर्थ नाही.

नियमांतील दोन बाबी मात्र सावधगिरीच्या आहेत. २०२५ मध्ये पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तेथे प्रवेश घेणे बंधनकारक होते. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांचे दार बंद. म्हणजे जेथे खरोखर जावयाचे नाही, त्याचे नाव केवळ प्रतिष्ठेखातर वर घालू नये. दुसरी बाब दहाच्या मर्यादेची. दहाही नावे आवाक्याबाहेरची असतील तर फेरी रिकामी जाते. म्हणून क्रम आवडीचाच ठेवून शेवटची दोन-तीन नावे निश्चित मिळण्याजोगी, पण मनाला चालणारी असावीत. ही मर्यादा शासनाने वाढवावयास हवी. आय.आय.टी. आणि एन.आय.टी. यांच्या संयुक्त प्रवेशात पर्यायांना अशी मर्यादा नाही. संगणकाला दहा काय आणि पन्नास काय, श्रम सारखेच. मर्यादा मात्र विद्यार्थ्याला पुन्हा अंदाजाच्या वाटेवर ढकलते, आणि त्याची झळ सल्ला देणारे कोणी नसलेल्या घरांना सर्वाधिक बसते.

अशा घरांतील अर्ज आज सायबर कॅफेतील चालक भरून देतो, आणि यादीही पुष्कळदा त्याच्याच सोयीची असते. हे काम माध्यमिक शाळांनी अंगावर घेतले पाहिजे. निकालापूर्वीच दहावीच्या वर्गात दोन तास खर्चून वाटपाची रीत फळ्यावर समजावून देणे कोणत्याही शिक्षकाला अवघड नाही. प्रवेशपद्धती पारदर्शक असणे पुरेसे नसते; ती ज्याच्यासाठी आहे त्याला उमगलीही पाहिजे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला स्वतःची आवड स्वतःच्या हाताने क्रमवार मांडण्याची ही बहुधा पहिलीच संधी असते. ती इतरांच्या अंदाजांत हरवू देणे, हे त्या मुलाचे नुकसान आहेच, शिक्षणाचेही आहे.